नेमाची दुर्बीण: मधल्या किमतीचा रायफल स्कोप कसा पारखावा

साध्या रायफलीने नेम धरताना डोळ्यावर एक अशक्य काम येऊन पडते. मागची खाच हातभर अंतरावर, नळीच्या टोकावरची माशी त्याहून पुढे आणि लक्ष्य शंभर-दोनशे मीटर दूर. तिन्ही गोष्टी एकाच क्षणी स्पष्ट दिसायला हव्यात, आणि माणसाच्या डोळ्यातले भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्थिरावते. म्हणून अनुभवी नेमबाज माशीवर नजर ठेवतो आणि लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालवून घेतो. चाळिशी उलटली की माशीही धूसर होऊ लागते. रायफलीवर बसवायची दुर्बीण, जिला नेमबाज सरळ स्कोप म्हणतात, ही अडचण मुळातूनच संपवते. दूरच्या लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची फुली ती एकाच प्रतलावर आणून ठेवते. डोळ्याला पाहायला एकच गोष्ट उरते. लक्ष्य मोठे दिसणे हा त्यानंतरचा फायदा, आणि माझ्या मते तो दुय्यम आहे. तरी दुकानात शिरलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'किती पट?' हाच.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो तो अमेरिकेत. तिथे हरणांच्या शिकारीचा हंगाम हा गावोगावचा मोठा प्रसंग असतो. पेन्सिल्वेनिया राज्यात त्या दिवसांत अनेक शाळांना सुट्टी देण्याची जुनी प्रथा आहे. तिथल्या बाजारात शंभर डॉलरच्या आतलेही स्कोप मिळतात आणि तीन-चार हजार डॉलरचेही. या दोन टोकांच्या मधे, साधारण ३०० ते १,००० डॉलरच्या पट्ट्यात, खरी चुरस चालते. स्वस्त स्कोपात बहुतेक सगळ्याच बाबतींत काटकसर केलेली असते आणि महागड्यात जवळपास कशातच नसते. दोन्हीकडे फार विचार करावा लागत नाही. मधल्या पट्ट्यात मात्र प्रत्येक कारखान्याने काहीतरी राखलेले आणि काहीतरी सोडलेले असते. काय सोडले आहे हे ओळखून ते आपल्याला नको असलेलेच आहे ना, हे पाहणे म्हणजे स्कोपची निवड. त्यासाठी नळीच्या आत काय चालते ते ठाऊक असावे लागते.

बंदुकीला दुर्बीण बांधण्याचे प्रयत्न १८३० च्या दशकापासून दिसतात. १८४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी जॉन चॅपमन या स्थापत्य अभियंत्याच्या कल्पनेवरून मॉर्गन जेम्स या बंदूककाराने स्कोप घडवले. १८५५ मध्ये सिरॅक्यूजच्या विल्यम माल्कम याने स्वतःचे स्कोप बनवायला सुरुवात केली. रंगांच्या कडा फुटू नयेत म्हणून दोन वेगळ्या काचा जोडून केलेली भिंगे त्याने वापरली आणि डावे-उजवे, वर-खाली नेम सरकवण्याची सोयही सुधारली. अमेरिकी यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या नेमबाजांकडे असे लांबलचक, जवळजवळ बंदुकीच्या नळीएवढे स्कोप होते. दक्षिणेकडच्या सैनिकांनी इंग्लंडहून आणलेल्या व्हिटवर्थ रायफलींवर डाव्या बाजूला बसणारा डेव्हिडसन स्कोप असे. हा कर्नल डेव्हिडसन म्हणजे मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी केलेला स्कॉटिश अधिकारी, म्हणजे या उपकरणाच्या इतिहासाचा एक धागा आपल्याकडूनही जातो.

सामान्य माणसाच्या हाती स्कोप आला तो मात्र १९३० मध्ये. बिल वीव्हर या अमेरिकी तरुणाने ३-३० नावाचा तीनपट स्कोप बाजारात आणला. बसवायच्या मांडणीसकट त्याची किंमत होती १९ डॉलर. युरोपातले स्कोप तेव्हा श्रीमंतांच्याच आवाक्यात होते. वीव्हरचा पुढचा ३३० स्कोप इतका भरवशाचा निघाला की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तोच आपल्या स्नायपर रायफलींवर चढवला. मधल्या किमतीचा चांगला स्कोप ही कल्पनाच वीव्हरपासून सुरू होते असे मी मानतो.

आता नळीच्या आत जाऊ. पुढचे मोठे भिंग दूरच्या दृश्याची लहानशी प्रतिमा नळीत पाडते. ही प्रतिमा उलटी असते: वरचे खाली, डावे उजवीकडे. ती सुलटी करण्यासाठी मुख्य नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते आणि तिच्यात भिंगांचे दोन गट बसवलेले असतात. स्कोपचे सारे मर्म या आतल्या नळीत आहे. तिच्याभोवती आणखी एक नळकांडे असते, त्यावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात. पट वाढवण्याचे कडे फिरवले की नळकांडे फिरते आणि भिंगांचे दोन्ही गट खाचांमधून एकमेकांशी ठरलेल्या प्रमाणात पुढे-मागे सरकतात. प्रतिमा मोठी होत जाते, पण धूसर होत नाही आणि मधोमधून हलत नाही. खाचांच्या कोरणीत केसभर चूक राहिली तर पट बदलताना नेम सरकतो.

हीच आतली नळी एका टोकाला सांध्यावर टेकलेली असते आणि दुसऱ्या टोकाला तिच्यावर वरून एक आणि बाजूने एक असे दोन स्क्रू रोखलेले असतात. समोरून एक पोलादी स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. स्कोपच्या पाठीवर आणि उजव्या अंगाला जे दोन गोल नॉब दिसतात ते या स्क्रूंचेच डोके. नॉब एक क्लिक फिरवला की आतली नळी इवलीशी कलते आणि नेमाचा बिंदू सरकतो. ही इवलीशी हालचाल किती असते? एक क्लिक म्हणजे ०.१ मिल (शंभर मीटरवर एक सेंटिमीटर), आणि पुढच्या भिंगाचे नाभीअंतर २० सेंटिमीटर धरले, तर प्रतिमेच्या जागी ती भरते ०.०२ मिलिमीटर. डोक्यावरच्या केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी. दर गोळीमागे गुरुत्वाच्या शेकडो पटींचा हिसका खाणाऱ्या नळीच्या पोटात एक स्प्रिंग हे अंतर वर्षानुवर्षे राखत असते. ल्युपोल्ड कंपनी आपल्या स्कोपचे नमुने एका यंत्रावर आपटते: .३०८ काडतुसाच्या रायफलीच्या तिप्पट धक्का, असा ५,००० वेळा. मला हे सारे विलक्षण वाटते, आणि स्वस्त स्कोपातली पहिली काटकसर नेमकी याच स्प्रिंगवर आणि स्क्रूंच्या आट्यांवर झालेली असते, जिथे कोणाची नजर जात नाही.

नजर जाते काचेवर. हवेतून काचेत शिरताना किंवा काचेतून हवेत येताना प्रकाशाचा सुमारे ४ टक्के भाग परत फिरतो. स्कोपात असे सोळा पृष्ठभाग धरले तर साध्या काचेतून डोळ्यापर्यंत जेमतेम ५२ टक्के प्रकाश पोहोचेल. शिवाय परतलेला प्रकाश नळीत भटकत राहून सगळे दृश्य दुधाळ करेल तो वेगळाच. येना इथल्या झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला या युक्रेनमध्ये जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये यावर उपाय शोधला. काचेवर प्रकाशलहरीच्या चौथाई जाडीचा थर दिला की थराच्या दोन अंगांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. हे लेपन जर्मनीने काही वर्षे लष्करी गुपित म्हणून जपले. आजच्या अनेक थरांच्या लेपनात एका पृष्ठभागावर अर्धा टक्काच प्रकाश हरवतो असे धरले, तर त्याच सोळा पृष्ठभागांतून ९२ टक्के प्रकाश पार होतो. हे तंत्र आता इतके सर्वदूर पोहोचले आहे की मधल्या किमतीत काच सहसा निराश करत नाही. जपानच्या नागानो प्रांतातल्या कारखान्यांत अनेक अमेरिकी ब्रँडचे स्कोप तयार होतात आणि त्यांची काच युरोपच्या जुन्या घराण्यांच्या फार मागे नसते.

तरी काच पारखावी लागतेच, आणि दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली ती पारखता येत नाही. तिथे सगळेच स्कोप सुंदर दिसतात. संध्याकाळी दाराशी जाऊन रस्त्यापलीकडच्या सावलीतले काहीतरी पाहावे: झाडाच्या बुंध्याची साल, एखादी पाटी. उजळ आभाळासमोरची काळी फांदी पाहावी. तिच्या कडेला जांभळी किंवा हिरवट झालर दिसली तर रंगदोष नीट आवरलेला नाही. मग फुली मधोमध ठेवून दृश्याची कड पाहावी. कडेची अक्षरे पसरलेली दिसली तर त्या कारखान्याने काय सोडले ते कळले.

स्कोपवर ३-९×४० असे लिहिलेले असते, म्हणजे तीन ते नऊ पट आणि पुढचे भिंग ४० मिलिमीटरचे. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. नऊ पटीवर ती ४.४ मिलिमीटर भरते. दिवसा डोळ्याची बाहुली तीन मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे दिवसा ही जाडी पुरून उरते. अंधारात तरुण माणसाची बाहुली सातपर्यंत उघडते आणि वय वाढले की पाचाच्या आसपास थांबते. जर्मनीत रानडुकरांची शिकार चांदण्यात, मचाणावर बसून होते. म्हणून तिथे ८×५६ चा स्कोप पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, कारण ५६ भागिले ८ बरोबर सात. डोळ्याचे मोजमाप घेऊन बेतलेले असे उपकरण पाहिले की पट वाढवण्याची हौस कमी होते. पट वाढली की झोत बारीक होतो, दृश्याचा विस्तार आक्रसतो, हातातला कंप तितक्याच पटीने मोठा दिसतो आणि उन्हातल्या जमिनीवरची हवेची थरथरही. दोनशे मीटरच्या आतल्या शिकारीला नऊ-दहा पट भरपूर झाली.

दोन प्रत्यक्ष स्कोप शेजारी ठेवले की मधल्या पट्ट्यातली तडजोड स्पष्ट दिसते. ल्युपोल्डचा व्हीएक्स-३एचडी, ३.५-१०×४०, साधारण पाच-सहाशे डॉलरला मिळतो. व्हॉर्टेक्स कंपनीचा व्हायपर पीएसटी, दुसरी पिढी, ५-२५×५०, हजाराच्या आसपास जातो. पहिल्याची नळी एक इंची आणि वजन पावणेचारशे ग्रॅमच्या घरात. दुसऱ्याची नळी ३० मिलिमीटरची आणि वजन पावणेनऊशे ग्रॅमच्या वर. पहिला डोंगर चढून जाणाऱ्या शिकाऱ्यासाठी आहे. त्याचा बाजूचा नॉब टोपीखाली असतो आणि वरच्या नॉबवर तुमच्या काडतुसाच्या हिशेबाने अंतराचे आकडे कोरून मिळतात. दुसऱ्याचे नॉब मोठे आणि उघडे, फुलीवर मोजणीच्या बारीक रेघा, आणि शून्यावर आपोआप अडणारी खीळ. त्याची जागा मैदानावर, जिथे नेमबाज दर फेरीला वेगळ्या अंतरावर नेम धरतो. दोन्हींच्या पेटीवरची माहिती ओळीने लावून ज्याच्या रकान्यात जास्त सोयी तो चांगला असे ठरवणारा शिकारी पाचशे ग्रॅम उगाच खांद्यावर वाहतो.

फुली कुठे बसवली आहे हा यातला खरा कळीचा मुद्दा. ती आतल्या नळीच्या पुढे असेल तर पट वाढताना लक्ष्याबरोबर फुलीही मोठी होते आणि तिच्यावरच्या रेघांचे माप प्रत्येक पटीवर खरे राहते. मागे असेल तर फुली डोळ्याला कायम एकाच जाडीची दिसते, पण रेघांचे माप एकाच पटीवर, बहुधा सर्वांत मोठ्या, खरे ठरते. पुढच्या फुलीचे सध्या फार कौतुक चालते आणि मैदानी स्पर्धेत ते रास्त आहे. शिकारीत मात्र झाडीतले हरिण कमीत कमी पटीवर दिसते, उजेड सरत आलेला असतो आणि अशा वेळी पुढची फुली कोळ्याच्या धाग्यासारखी बारीक होऊन हरवते. ल्युपोल्डने १९६२ मध्ये आणलेली, कडेला जाड आणि मध्यावर बारीक होणारी साधी फुली तिथे आजही सरस आहे असे माझे ठाम मत आहे.

मापाची दोन चलने आहेत. एक अंशाच्या साठाव्या भागाचे, म्हणजे कलेचे. अमेरिकी त्याला एमओए म्हणतात. शंभर मीटरवर एक एमओए २.९ सेंटिमीटर भरतो आणि बहुतेक स्कोपांत एक क्लिक त्याच्या चौथाईचा असतो. दुसरे मिल: हजार मीटरवर एक मीटर. त्याचा दहावा हिस्सा शंभर मीटरवर बरोबर एक सेंटिमीटर होतो. इंच-यार्डात विचार करणाऱ्याला पहिले सोयीचे, मीटरमध्ये वाढलेल्या आपल्यासारख्यांना दुसरे. कोणतेही घ्यावे, पण फुली एका चलनातली आणि नॉब दुसऱ्या चलनातला असा स्कोप घेऊ नये. असे स्कोप पूर्वी सर्रास विकले जात.

क्लिक खरे बोलतात का, हे तपासण्याची रीत सोपी आहे. शंभर मीटरवर उंच पुठ्ठा उभा करावा, त्यावर ओळंबा लावून उभी रेघ काढावी आणि खालच्या बिंदूपासून नेमके एक मीटर वर खूण करावी. रायफल किंवा नुसता स्कोप पक्क्या शिकंज्यात धरून फुली खालच्या बिंदूवर आणावी आणि नॉब १० मिल फिरवावा. फुली बरोबर एका मीटरवर सरकायला हवी. मग उलट फिरवून ती मूळ जागी येते का पाहावे, कारण थकलेली स्प्रिंग परतीच्या वाटेवर उघडी पडते. दोन टक्क्यांची चूक निघाली तर? .३०८ ची गोळी शंभर मीटरवर जुळवलेली असेल तर पाचशे मीटरवर ती पावणेदोन-दोन मीटर खाली येते. त्यासाठी सुमारे ३.७ मिल फिरवावे लागतात आणि दोन टक्क्यांनी नेम चुकतो पावणेचार सेंटिमीटर. शिकाऱ्याला ते चालून जाईल. हजार मीटरवर बारा मिल लागतात आणि तीच चूक पाव मीटरची होते. ज्याला नॉब फिरवायचाच नाही त्याने क्लिकच्या अचूकतेसाठी जादा पैसे मोजू नयेत. ज्याला फिरवायचा आहे त्याने दुसरे सगळे सोडावे, पण हे सोडू नये.

स्कोपला रायफलीशी बांधणारी कडी हा सर्वांत दुर्लक्षित भाग. सहाशे डॉलरच्या स्कोपाखाली वीस डॉलरची कडी लावली की नेम भटकतो आणि दोष स्कोपला मिळतो. कड्यांचे स्क्रू टॉर्क रेंचने, कारखान्याने सांगितलेल्या मापाइतकेच आवळावेत. बहुधा ते दोन न्यूटन-मीटरच्या आत असते, आणि जादा आवळले तर नळी पिचकून आतली नळी अडकते. स्कोप तिरका बसला की काय होते तेही पाहा. पाच अंशांचा कल डोळ्याला जेमतेम जाणवतो, पण पाचशे मीटरवर तो गोळीला सोळा सेंटिमीटर बाजूला नेतो.

आत धुके न धरणारा स्कोप आज गृहीतच धरला जातो. ल्युपोल्ड कुटुंबाचा मूळ धंदा जमीनमोजणीच्या उपकरणांच्या दुरुस्तीचा. शिकारीत ऐन वेळी स्कोपात वाफ धरल्याने मार्कस ल्युपोल्डचे हरिण हुकले आणि त्यांनी स्वतःच स्कोप बनवायला घेतले; पहिला १९४७ मध्ये निघाला. पुढे नळीतली दमट हवा काढून कोरडा नायट्रोजन भरून ती कायमची बंद करण्याची पद्धत त्यांनी रुळवली. हमीबाबतही हा पट्टा उदार आहे: व्हॉर्टेक्स आपल्या स्कोपची जन्मभराची हमी पावतीशिवाय देते आणि ती दुसऱ्या मालकालाही लागू राहते. जुना स्कोप घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आहे. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांतही स्कोप चालत नाही. २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे, कोल्हापूरच्या या दोघांनीही नेम धरला तो बारीक छिद्रातून पाहून, ५० मीटरवरच्या १०.४ मिलिमीटरच्या दहाच्या वर्तुळावर. महाराष्ट्रात स्कोप लावला जातो तो मुख्यतः हौशी नेमबाजांच्या एअर रायफलीवर, आणि तिथे दोन गोष्टी हमखास फसवतात.

पहिली पॅरॅलॅक्स. प्रतिमा आणि फुली एकाच प्रतलावर येतात ते एका ठरलेल्या अंतरावर, शिकारी स्कोपात बहुधा शंभर मीटरच्या आसपास. लक्ष्य त्याहून जवळ किंवा दूर असले तर डोळा हलताच फुली लक्ष्यावरून सरकताना दिसते. शंभर मीटरला बांधलेला ४० मिलिमीटरचा स्कोप दोनशे मीटरवर फार तर दोन सेंटिमीटर चुकवेल. तोच दहा मीटरवर वापरला तर १८ मिलिमीटर चुकवू शकतो, आणि दहा मीटरच्या एअर रायफल लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. म्हणून पुढच्या भिंगाभोवती किंवा डाव्या बाजूला अंतर जुळवण्याचे कडे असलेला आणि दहा मीटरपर्यंत खाली येणारा स्कोपच घ्यावा. दुसरी गोष्ट धक्क्याची. स्प्रिंगवाली एअर रायफल आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी हिसका देते. रायफलींचे स्कोप मागे जाणारा धक्का सोसायला बांधलेले असतात. पुढच्या हिसक्याने मोठ्या रायफलीवर वर्षे काढलेला महाग स्कोपही एअरगनवर काही दिवसांत निकामी होऊ शकतो. एअरगनसाठी असे पेटीवर स्पष्ट लिहिलेला, आठ-नऊ पटींचा स्कोप, मागे सरकू नये म्हणून खुंटी असलेली एकसंध मांडणी आणि ओळंबा लावून केलेली बसवणी, एवढे पाहून मगच काचेच्या गुणवत्तेकडे वळावे.